दुसरा नंबर, आणि त्या खोलीत मी गप्प बसले ते

येत्या रविवारी मी परत एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसणार आहे, दोन वर्षांनंतर. आयोजकांचा फोन आला तेव्हा लगेच हो म्हटलं नाही, चार दिवस घेतले. का घेतले ते लिहायचंय, पण त्याआधी मला कानबद्दल लिहावं लागेल, म्हणजे फ्रान्समधल्या त्या फिल्म फेस्टिवलबद्दल, कारण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींत पार अडकून बसल्यात.

२५ मे २०२४ची रात्र. ठाण्यात उकाडा असा की खिडक्या सताड उघड्या आणि वाऱ्याचा पत्ता नाही, आई फरशीवर चटई टाकून पडलेली, मी तिच्या शेजारी मोबाईलवर कानचा समारोप बघतेय. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' मुख्य स्पर्धेत होता. आपल्याकडचा सिनेमा त्या स्पर्धेत तीस वर्षांनी आला होता, त्याआधीचा म्हणजे १९९४चा शाजी करुण यांचा 'स्वाहम'. अभिनेत्री व्हायोला डेव्हिसने ग्रां प्रीसाठी त्याचं नाव घेतलं आणि पायलने आपल्या तिन्ही नट्यांना, कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि छाया कदम, वर स्टेजवर बोलावून घेतलं. मी आईला हलवून उठवलं, अगं बघ ना, ही 'फँड्री'तली जब्याची आई, कुठे उभी आहे बघ. आई झोपेतच म्हणाली, काय मिळालं तिला? म्हटलं दुसरं बक्षीस, अख्ख्या सिनेमाला. आई म्हणाली मग रडतेयस का.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मी फोटो टाकला तर एकाने लिहिलं, दुसरा नंबर म्हणजे थोडक्यात हुकलं की. मला ते फार लागलं. तो काही वाईट हेतूने म्हणाला नव्हता, पण आपल्याला शाळेपासून पहिला दुसरा तिसरा म्हणजे मार्कांचा हिशोब एवढंच माहिती, नव्वदवाला पहिला आणि एकोणनव्वदवाला दुसरा. ज्युरीच्या खोलीत असं काही नसतं. त्या वर्षी स्पर्धेत बावीस सिनेमे होते आणि बघणारे नऊ जण, अध्यक्ष दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग, बाकीच्यांत जपानचे दिग्दर्शक कोरे-एदा, लेबनॉनच्या नादिन लबाकी, लिली ग्लॅडस्टोन, ओमार सी, एव्हा ग्रीन, तुर्कीच्या लेखिका एब्रू जेलान वगैरे. यातले किती जण स्वतः त्या खोलीच्या बाहेर ताटकळलेत बघा. कोरे-एदांना २०१८ला पाम द'ओर, म्हणजे पहिलं बक्षीस, मिळालेलं आणि त्याच वर्षी लबाकींना ज्युरी प्राइज, एब्रू जेलान ज्या 'विंटर स्लीप'च्या सहलेखिका त्याला २०१४चं पाम. बाहेर बसणं काय असतं ते माहीत असलेली माणसं आत बसली होती.

आणि नियम असा आहे की एका सिनेमाला शक्यतो एकच पुरस्कार. १९९१ला 'बार्टन फिंक'ला पाम, दिग्दर्शन आणि अभिनय असं सगळं मिळालं आणि त्यानंतर हे बरंच आवळलं. आता पाम किंवा ग्रां प्री दिलं की त्याच सिनेमाला अभिनयाचं देत नाहीत, ज्युरी प्राइज किंवा पटकथेच्या बाबतीत मात्र खास परवानगीने चालतं. मला हे कळलं तेव्हा सगळी यादीच वेगळी दिसायला लागली. 'एमिलिया पेरेझ'ला ज्युरी प्राइज म्हणजे तिसरं मिळालं आणि त्यातल्या चार बायकांना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, हे जमलं कारण तो तिसरा होता. आपल्या तिघींना ते मिळणं ग्रां प्री ठरलं तिथेच बंद झालं. म्हणजे सिनेमा वर गेला म्हणून नट्यांचं गेलं. मी अजून विचार करते की मी त्या खोलीत असते तर काय मागितलं असतं, छाया कदमसाठी अभिनयाचं की सगळ्यांसाठी ग्रां प्री, आणि दरवेळी उत्तर बदलतं.

पाम गेलं शॉन बेकरच्या 'अनोरा'ला. ग्रां प्री आपल्याला. दिग्दर्शन मिगेल गोमेश, पटकथा 'द सब्स्टन्स'ची कोराली फार्जा, अभिनेता जेसी प्लेमन्स. आणि एक विशेष पुरस्कार मोहम्मद रसूलोफला. या माणसाला इराणमध्ये आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा झालेली, तो देशातून निसटून कानला पोहोचला आणि आपल्या सिनेमाच्या शोला हजर राहिला. 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' त्याने इराणात लपूनछपून शूट केलेला. अशा सिनेमाला पहिला म्हणावं की चौथा, त्याला कुठल्या कप्प्यात बसवायचं? ज्युरीने वेगळा कप्पाच काढला. आपल्याकडे 'परीक्षकांचं विशेष पारितोषिक' म्हटलं की लोकांना वाटतं उरलेल्यांची समजूत घातली, पण तसं नसतं हो, निदान नेहमी नसतं. कधीकधी खोलीत कोणीतरी हट्टाला पेटलेलं असतं म्हणून ते मिळतं.

आता माझी खोली.

जानेवारी २०२४, ठाण्यातलीच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. स्पर्धेचं आणि कॉलेजांचं नाव लिहीत नाही. सात एकांकिका, सकाळी साडेनऊला पहिली घंटा, आम्ही तिघं परीक्षक. मी सगळ्यात लहान, कॉलेजपासून प्रकाशयोजना करत आलेली, नोकरीत शिरल्यावरही जमेल तसं बॅकस्टेज चालूच. एक मॅडम मालिका-नाटकात काम करणाऱ्या, आणि एक सर, ज्यांच्या तालमी बघत आमची अख्खी पिढी मोठी झाली. तिसरी की चौथी एकांकिका होती टोलनाक्यावरची. रात्रपाळीत दोन मुली एका बूथमध्ये, आनंदनगर नाक्यासारखा नाका, आणि येणाऱ्या गाड्या म्हणजे विंगेतून सरकत जाणारा नुसता उजेड. संवाद फार कमी. एकीला सकाळी घरी जायचं नाहीये एवढंच हळूहळू कळतं, का ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. दोन लाइट आणि एका हाताने ओढायची ट्रॉली एवढ्यावर त्या पोरांनी हायवे उभा केला होता, मी वीस वर्षं लाइट्स केलेत आणि मला ते सुचलं नसतं. माझ्या कागदावर ती पहिली होती.

रात्री साडेनऊला आम्ही मेकअप रूममध्ये बसलो, चहा, गार झालेले बटाटेवडे, बाहेर पोरांच्या घोषणा चालू आणि दहाला सभागृह रिकामं करून द्यायचं. तिघांनी आपापले क्रम सांगितले आणि बेरीज केली. जी पहिली आली ती माझ्याकडे दुसरी, मॅडमकडे तिसरी, सरांकडे पहिली, बेरीज सहा. मॅडमची पहिली आठावर थांबली, ती दुसरी. टोलनाका माझी पहिली, मॅडमची दुसरी आणि सरांची सहावी, नऊ. आणखी एक तीन-चार-दोन अशी तीही नऊच. म्हणजे तिसऱ्यासाठी टाय. इथे बोलायचं असतं. बेरीज संपते आणि परीक्षकाचं काम सुरू होतं ते इथेच.

सर म्हणाले, टोलनाकावाली चांगली बसवलीय पण ती आपल्या मातीतली वाटत नाही, बाहेरचं काहीतरी बघून केल्यासारखी आहे, आपली माणसं इतकी गप्प कुठे असतात. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं की सर, माझी आई रुग्णालयात रात्रपाळी करायची, सकाळी सातला कळव्याला उतरून घरी यायची आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलायची नाही, मग ती कुठल्या मातीतली? घड्याळात पावणेदहा झाले होते. मी म्हटलं, चालेल सर, तुम्ही म्हणाल तसं. तिसरं दुसऱ्यांना गेलं. उत्तेजनार्थ सरांनी शहापूरकडच्या मुलांना द्यायचं म्हटलं, ती लांबून आलेली म्हणून, त्यालाही मी मान डोलावली. टोलनाक्याला शून्य. प्रकाशयोजनेचं तरी द्यावं हेसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही, आणि ते तर माझंच खातं होतं.

निकालानंतर त्या एकांकिकेची लेखिका, वीसेक वर्षांची असेल, माझ्याकडे आली. मॅडम, कुठे कमी पडलं सांगाल का? मी म्हटलं छान होतं गं, असंच करत राहा. ती थँक्यू म्हणून गेली.

हे मी विसरलेही असते कदाचित. पण त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका निवडायची होती, २९ सिनेमे, तेरा जणांची समिती, तेराही पुरुष, आणि त्यांनी 'लापता लेडीज' पाठवला. सिनेमा मला आवडतो, त्यातली मंजू माईही छाया कदमच आहे, त्यामुळे तक्रार त्या सिनेमाबद्दल नाहीच. पण फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर मुलाखतीत कारण सांगितलं की पायलचा सिनेमा बघताना ज्युरीला भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतोय असं वाटलं. मी ते वाचलं तेव्हा लोकलमध्ये होते, मुलुंड गेलं होतं, आणि मला एकदम गार वड्यांचा वास आला. आपल्या मातीतली वाटत नाही. तेच वाक्य.

समितीने म्हणावं ना की पटकथा ढिली आहे, उत्तरार्ध लांबलाय, आम्हाला दुसरा जास्त भावला, परीक्षकाला तो हक्क आहेच. पण जे समोर घडतंय ते सोडून ते कोणासारखं दिसतंय हे मोजायला लागलं की संपलं. त्याच सिनेमाला, त्यात फ्रान्सचीही निर्मिती होती म्हणून, फ्रान्सने स्वतःच्या ऑस्कर प्रवेशिकेच्या शेवटच्या चारांत धरलं होतं आणि शेवटी तिथून 'एमिलिया पेरेझ' गेला. एक घर म्हणतं तुम्ही त्यांचे, दुसरं घर चौघांत बसवतं पण पाठवत नाही.

नोव्हेंबरात इथे रिलीज झाला तेव्हा मी आईला घेऊन गेले, रविवार सकाळचा शो. आई रत्नागिरीकडची. सिनेमात छाया कदमची पार्वती रुग्णालयात स्वयंपाकाला असते, नवरा वारलेला, राहत्या जागेचा एकही कागद तिच्या नावावर नाही आणि बिल्डर बाहेर काढतोय, शेवटी ती सगळं सोडून रत्नागिरीकडे गावी परत जाते. मला वाटलं होतं आईला कंटाळा येईल. तर ती अर्ध्या सिनेमात माझ्या कानात म्हणाली, हिने निदान रेशनकार्ड तरी जपून ठेवायला हवं होतं. आणि पार्वती आणि तिची मैत्रीण प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा आईने माझा हात धरला तो सोडलाच नाही. घरी आल्यावर कपाटातली फाइल काढून तिने आमच्या खोलीचे कागद परत एकदा मोजले, पावत्या, लाइटबिल, बाबांचं मृत्यूपत्र. युरोपियन सिनेमा बघून आलेली बाई ही.

त्यानंतर मी कॉलेजमधून त्या मुलीचा नंबर मिळवला. वर्ष होत आलं होतं. तिला सांगितलं की तुझी एकांकिका माझ्याकडे पहिली होती, आणि सरांचं वाक्य आणि माझं गप्प बसणं पण सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, मॅडम, आम्हाला वाटलं कोणालाच कळलं नाही, म्हणून पुढची एकांकिका आम्ही विनोदी केली.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विनोदी केली म्हणजे वाईट केली असं नाही, त्यांना बक्षीसही मिळालं असेल. पण तिच्या हातात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी खाली ठेवली, माझा एक कागद माझ्याच पर्समध्ये राहिला म्हणून.

आणि म्हणूनच चार दिवस. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या ज्यांनी मला हो म्हणायला लावलं. एक, जानेवारी २०२५ला रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलला गेला, तिथे दाखवलेला पहिला मराठी सिनेमा, आणि वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिकचं ग्रँड ज्युरी प्राइज घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र यांच्यातलं प्रेम, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, आणि गप्प माणसं, भरपूर गप्प, सगळी आपल्या मातीतली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात पायल कपाडिया परत कानला गेली, यावेळी ज्युरी म्हणून, जूलिएट बिनोश अध्यक्ष असलेल्या ज्युरीत. त्यांनी पाम दिलं इराणच्याच जाफर पनाहींना. वर्षभरापूर्वी बाहेर बसलेली बाई आत जाऊन बसली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तर आयोजकांना मी दोन अटी घातल्या. निकालाआधी चर्चेला पूर्ण एक तास, सभागृहाची वेळ त्या हिशोबाने वाढवून घ्या. आणि प्रत्येक संघाला तिन्ही परीक्षकांचा क्रम आणि दोन-चार ओळी लेखी, सहीसकट, बक्षीस मिळो न मिळो. पहिली अट त्यांनी अर्ध्या तासावर आणली, दुसरी मान्य केली. यंदा नऊ एकांकिका आहेत. मी वही घेऊन ठेवलीय.