लुगडं नेसून बसता येईल का?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे वीतभर जागा उरते. परवा दुपारी शेजारचे काका अर्धवट उघडलेल्या दारात पोट आत ओढून अडकले होते, आणि मला मर्सिडीजची ३०० एसएल आठवली. तिची दारं वर उघडतात. अर्थात काका तिच्यातूनही सुटले नसतेच, उंबरठ्यावर अडकले असते.

उलेनहाउट या इंजिनिअरने तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा केला. हलका आणि मजबूत, पण नळ्या बाजूनेही चांगल्या वर आलेल्या. नेहमीचं दार बसेना, म्हणून बिजागऱ्या छताला लावल्या. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोक त्या दारांना पंख समजून भाळले. आत शिरताना पाय अडकू नयेत म्हणून स्टिअरिंग वाकवता येतं. काचा मात्र खाली होत नाहीत. नागपुरात मे महिन्यात ही गाडी चालवून दाखवावी.

मे महिना म्हणजे मामाच्या ओटीवरची ट्रम्प कार्डं. वेग किती, सिलिंडर किती, ज्याचा आकडा मोठा त्याने पत्ता घ्यायचा. जॅग्वार ई-टाइपच्या पत्त्यावर पाठीमागून आमरसाचा डाग पडला होता, त्यामुळे तो कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसायचं. तरी ज्याच्याकडे असायचा तो साळसूद चेहऱ्याने बसायचा. एकदा आजीने तो आणि ३०० एसएलचा असे दोन्ही पत्ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि विचारलं, "लुगडं नेसून ह्यात बसायचं कसं रे?"

गाडी जोखायची माझी कसोटी तेव्हापासून तीच. इंजिन वगैरे नंतर.

३०० एसएल तिथेच नापास. ई-टाइपमध्ये आजी बसली असती, पण उठवायला दोघे लागले असते. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा बसून पाहायला मागणी इतकी, की दुसरी गाडी जॅग्वारचा चाचणी चालक नॉर्मन ड्यूइसने कॉव्हेन्ट्रीहून रात्रभर हाकत आणली. किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास, वेग ताशी दीडशे मैल सांगितलेला. आणि तो बॉनेट! तो आखणारा माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला. ती वळणं त्याने गणिताने काढली. गणितात जेमतेम पास होणाऱ्या माझ्यासारख्याला हे जिव्हारी लागतं. पंखवाल्या मर्सिडीज १,४०० बनल्या, ई-टाइप सत्तर हजारांवर. माझं मत अजूनही ई-टाइपला. दारासाठी गाडी घ्यायची तर लोखंडी कपाट काय वाईट?

तसं मी चारचौघांत ठासून सांगतो. पण ही तुलना करताना १९५५ ची फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत आठवली की जीभ अडखळते. ११ जूनच्या संध्याकाळी हॉथॉर्नची जॅग्वार पिटकडे, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेकडे, वळली, तिला चुकवायला मागची ऑस्टिन-हीली बाजूला गेली, तिच्यावर लेव्हेगची मर्सिडीज आदळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं गेली. शर्यत चालूच ठेवली. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. जॅग्वार धावत राहिली आणि दुसऱ्या दिवशी जिंकली.