महिन्याला किती रीम?

जीएसटी किती जमला, हे सरकार दर महिन्याच्या एक तारखेला सांगतं. माझा आकडा आदल्या रात्रीच तयार असतो. पुण्याच्या नवी पेठेतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात महिन्याभरात किती रीम कागद संपला, ते मी कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवते. ५०० कागदांचा एक रीम. एवढंच माझं अर्थशास्त्र.

आधी वाटायचं, कागद जास्त खपला म्हणजे लोकांची चलती आहे. बारा-तेरा कॅलेंडरं मागेपुढे करून बघितली, तसं काही नाही.

काही गिऱ्हाइकं ठरलेली. जूनमध्ये ॲडमिशनवाले, जुलैत रिटर्नवाले, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे पेन्शनर. आजोबा एक प्रत काढतात आणि अर्धा तास बसतात. धंदा दोन रुपयांचा, बातम्या पेठभरच्या. पितृपक्षात फ्लॅटचे कागद कोणी आणत नाही, ते दसऱ्याला एकदम येतात.

पण २०२४ चा जुलै काही वेगळाच होता. १ जुलैपासून लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले आणि सकाळी शटर वर करायच्या आत बायका पायरीवर. आधार, रेशनकार्ड, पासबुक. एकीचं रेशनकार्ड घड्यांवर इतकं फाटलेलं, की काचेवर ठेवायलाच भीती वाटली. त्या महिन्याचा आकडा मी दोनदा मोजला. बायकांच्या हातात मात्र अजून रुपयाही नव्हता, उलट त्या मलाच देत होत्या. १७ ऑगस्टला बालेवाडीत हप्त्याचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना दोन महिन्यांचे मिळून ३००० मिळाले, ते त्यांनी सरळ वाण्याच्या उधारीत भरले. म्हणजे माझा जुलै हा वाण्याचा ऑगस्ट.

त्याच ऑगस्टात एमपीएससीची २५ तारखेची पूर्वपरीक्षा पुढे गेली. बँकेच्या परीक्षेशी तारीख भिडली म्हणून शास्त्री रोडवर मुलं रात्रंदिवस बसली होती. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण परीक्षा देऊन गावी जायचं ठरवलेली पोरंही मग इथेच राहिली, कारण नवी तारीख निघाली थेट १ डिसेंबर. कॉटचं भाडं, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी, सगळं पुन्हा सुरू. आमच्या गल्लीचे ते महिने बरे गेले. ते पैसे परभणी-बीडकडच्या सोयाबीनमधून आले होते, आणि माझ्या गल्ल्यातही त्यातलेच होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वहीवरचा जीएसटी शून्य झाला, माझ्या कोऱ्या कागदावरचा मात्र १२ चा १८. पोरं हिशेबाला पक्की. "काकू, पाठपोट मारा. आणि एका बाजूला दोन पानं बसवा." म्हणजे चार पानांचा मजकूर एका कागदावर. गर्दी तीच, कागद कमी. अक्षर मुंगीएवढं होतं, डोळे त्यांचे.

गेल्या महिनाअखेरीला एक मुलगा पोतं घेऊन आला. चार वर्षं आमच्याकडे येणारा. "काकू, रद्दीवाला किलोला काय देतो?" आत सगळ्या नोट्स, निम्म्या माझ्याच मशीनच्या, मधला काळा पट्टा मी ओळखला, तेव्हा ड्रम खराब झाला होता. घरी बोलावलंय म्हणाला, वडिलांना एकट्याने शेत झेपत नाही. मी भाव सांगायच्या आत रांगेतल्या मुलीने विचारलं, "दादा, मी बघू?" त्याने पोतं तसंच तिला देऊन टाकलं. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती त्यातली तीनशे पानं घेऊन आली, मैत्रिणीसाठी एक प्रत हवी म्हणून. पाठपोट. दीडशे कागद, त्या महिन्याच्या आकड्यात धरले.