पायलटला ऑक्सिजन, मग मागे बसलेल्यांना का नाही?

अमेरिकेत छोटं विमान उडवायला शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून ऑक्सिजनचा नियम विचारा, तो धडाधडा म्हणून दाखवेल. केबिनमधली प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेली उंची, १२,५०० फुटांच्या वर आणि १४,००० पर्यंत असेल तर तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त जेवढा वेळ काढाल तेवढा वेळ पायलटने ऑक्सिजन घ्यायचा, १४,००० च्या वर गेलात की पूर्ण वेळ घ्यायचा, आणि १५,००० च्या वर विमानातल्या प्रत्येकासाठी ऑक्सिजनची सोय पाहिजे. एफएए म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा, तिच्या नियमावलीतलं हे ९१.२११ नंबरचं कलम.

आता यात पॅसेंजर पहिल्यांदा कुठे आला ते बघा. १५,००० ला. आणि तिथेही त्याला ऑक्सिजन उपलब्ध असला म्हणजे झालं, त्याने तो घेतलाच पाहिजे असं नाही. म्हणजे १४,८०० फुटांवर पायलटच्या नाकात नळी आहे आणि मागच्या सीटवर परवाच पुण्याहून आलेले सत्तरीतले वडील तसेच बसलेत, तरी कायद्याने सगळं ठीक. मला हे अजिबात पटत नाही. यामागचा विचार कळतो, पायलटचं डोकं चालेनासं झालं तर सगळेच गेले आणि पॅसेंजरला गुंगी आली तरी विमान उडत राहतं, पण विमान सुखरूप उतरलं म्हणजे आतली माणसंही धडधाकट उतरली असं थोडंच आहे.

मी डेन्व्हरला राहतो, शहरच ५,२८० फुटांवर, त्यामुळे माझ्या शरीराला विरळ हवेची थोडीफार सवय झालेली आहे. जे पाहुणे येतात ते पुणे-मुंबईहून, चार दिवसांपूर्वी इथल्यापेक्षा खूप खाली असलेले, कुणाला बीपी, कुणाला दमा. विमानात सगळ्यात जास्त सवय असलेला माणूस मी, आणि नियम काळजी घेतो माझी!

वर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण सहज बोलून जातो, पण प्रमाण तेच असतं, २१ टक्के, कमी होतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर तो जवळपास निम्मा होतो आणि मग फुप्फुसातून रक्तात जायला ऑक्सिजनला जोरच उरत नाही. यातली वाईट गोष्ट म्हणजे दुखत काही नाही, गुदमरत नाही, उलट बऱ्याच जणांना छान वाटायला लागतं. नखं निळसर होतात, साधा हिशोब चुकतो, रेडिओवर एकच गोष्ट दोनदा विचारली जाते आणि त्या माणसाला वाटतं आपण एकदम मस्त आहोत. म्हणून त्या अर्ध्या तासाच्या सवलतीचीही मला भीती वाटते, कारण अर्धा तास झाला हे लक्षात ठेवायचं काम त्याच डोक्याकडे दिलेलं आहे जे हळूहळू मंद होतंय. एफएए स्वतःच सल्ला देते की दिवसा १०,००० च्या वर आणि रात्री तर ५,००० च्या वरच ऑक्सिजन वापरा, कारण डोळ्यांची अंधारात बघायची ताकद सगळ्यात आधी कमी होते. पण तो सल्ला, नियम नाही.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना सेसना १८२ या छोट्या विमानातून लेडव्हिलला घेऊन गेलो, ९,९३४ फुटांवरचा विमानतळ, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच. आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की सकाळी ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावू नकोस, इथल्या कोरड्या हवेत ओठ फुटतात म्हणून ती दिवसभर लावत असते, पण तेलकट काहीही आणि शुद्ध ऑक्सिजन एकत्र आले तर पेट घेऊ शकतात, चेहऱ्यावरच. १०,००० पार झाल्यावर मी नळ्या लावायला सांगितल्या तर बाबा म्हणाले, "अरे मला काही होत नाहीये, मी रोज सकाळी पर्वती चढतो, ही नळी कशाला?" मी म्हटलं, "बाबा, आधी बोटाला हा चिमटा लावा आणि आकडा मोठ्याने वाचा." ऑक्सिमीटरवर ८६ आला. खाली घरी ९५ असायचा. नळी लावली, ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी वर आली, आणि थोड्याच वेळात ९४ झाला, मग बाबा स्वतःच दर पाच मिनिटांनी आकडा वाचून दाखवायला लागले. त्या दिवशी आम्ही १२,५०० च्या वर गेलोच नव्हतो, म्हणजे नियमाप्रमाणे कुणालाच ऑक्सिजनची गरज नव्हती.

आणि हा १२,५०० चा आकडाही नीट समजून घ्या. जमिनीपासून ३,००० फुटांपेक्षा वर व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडताना पश्चिमेकडे जायचं तर सम हजार अधिक पाचशे अशी उंची धरायची असते, म्हणून १२,५०० ही सगळ्यांची आवडती उंची, आणि नियम १२,५०० च्या वर लागू होतो, बरोबर रेषेवर बसल्यासारखं वाटतं. पण नियमात प्रेशर अल्टिट्यूड म्हटलंय. हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी, समजा अल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रात, भरायचा दाब २९.४२ इंच आहे, तर अल्टिमीटर १२,५०० दाखवत असताना प्रेशर अल्टिट्यूड जवळपास १३,००० असते आणि तुमच्या अर्ध्या तासाचं घड्याळ चालू झालेलं असतं. हे फार जणांच्या डोक्यात नसतं.

मोठ्या, प्रेशराइज्ड म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब राखणाऱ्या विमानांचं गणित वेगळं, तिथे भीती अचानक दाब जाण्याची. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय भानावर राहून काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं, म्हणूनच ९१.२११ मध्ये ३५,००० च्या वर एका पायलटने मास्क लावून बसायचं असतं, सूट फक्त ४१,००० पर्यंत आणि तीही दोन्ही पायलट जागेवर असतील आणि एका हाताने पाच सेकंदांत चढणारे मास्क असतील तरच. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस या सायप्रसच्या एअरलाइनचं बोइंग ७३७ ग्रीसमध्ये पडलं, १२१ जण गेले, प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता आणि इशाऱ्याचा भोंगा वाजला तो पायलटना दुसऱ्याच कशाचा तरी वाटला. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमध्ये दाब तयार करणारा स्विच चालू करायचा राहिला, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं, विमान परत मुंबईत उतरवावं लागलं म्हणून सगळे वाचले. दोन्हीकडे छतातून मास्क पडले होते. पुढच्या वेळी एअर होस्टेस आधी स्वतःचा मास्क लावा म्हणून सांगत असेल तेव्हा प्लीज मोबाईल बाजूला ठेवा, तिथे सेकंदांचा हिशोब आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आयकाओ या नागरी विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेच्या सहाव्या अॅनेक्समध्ये (परिशिष्टात) एअरलाइनसाठी १०,००० ते १३,००० च्या पट्ट्यात अर्ध्या तासानंतर सगळा क्रू आणि १० टक्के प्रवाशांपुरता ऑक्सिजन धरलाय, १३,००० च्या वर सगळ्यांसाठी. छोट्या विमानांसाठीही निदान १२,५०० पासून प्रत्येक सीटला सोय असावी असं माझं ठाम मत आहे, विशेषतः आता पोर्टेबल सिलिंडर इतके सहज मिळत असताना.

तोपर्यंत आपलं आपण करायचं. इथे लायसन्स काढायला येणाऱ्या मराठी पोरांना मी हिशोब कागदावर करायला लावतो. जुन्या साध्या नळीला दर १०,००० फुटांमागे माणशी मिनिटाला एक लिटर धरा, १२,००० वर १.२ लिटर, तिघे असाल तर ३.६, म्हणजे ४०० लिटरचा सिलिंडर दोन तासही पुरत नाही. नाक चोंदलेलं असेल तर नळीचा उपयोग नाही, आणि १८,००० च्या वर नळी चालतच नाही, मास्क लागतो. गेज बघायचं ते इंजिन चालू करायच्या आधी, आणि परतीचा ऑक्सिजन जातानाच मोजून बाजूला ठेवायचा, मागे बसणाऱ्यांचा धरून.