तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी की स्वभाव?

घरात पार्किन्सन्सचा पेशंट असलेली माणसं भेटली, की निघता निघता कुणीतरी मला बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "तुमच्या बाबांचं ते लॉटरीचं झालं, ते खरंच गोळीनं? की मुळातच होतं आणि उतारवयात बाहेर आलं?" विचारणाऱ्याच्या घरीही काहीतरी सुरू झालेलं असतं, हे चेहऱ्यावरूनच कळतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

बाबा सरकारी कचेरीत अकाउंट्सला होते. रात्री जेवण झालं की डायरी उघडायची आणि दिवसाचा खर्च मांडायचा: कोथिंबीर, दळण, रिक्षा. लहानपणी जत्रेत रिंग टाकायला पैसे मागितले, तर म्हणायचे, "अगं, आपण जिंकावं म्हणून कुणी दुकान मांडतं का?" निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्याच्या आधीच त्यांचा वास गेला होता, फोडणी करपली तरी कळायचं नाही. हेही याच आजाराचं लक्षण असू शकतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि बाबा पुन्हा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. त्या दिवशी आईनं शिरा केला होता. पुढे डोस वाढवला. त्यानंतर काही महिन्यांनी कपाट आवरताना आईला लॉटरीची तिकिटं सापडली. शंभर-शंभराचे गठ्ठे, तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकाला रबरबँड. विजेची बिलंही ते अशीच बांधून ठेवायचे. एक एफडी मोडलेली निघाली, मग दुसरी. आई एवढंच म्हणाली, "जन्मभर मला दहा रुपयांचा हिशेब मागितलात." मी मात्र पुष्कळ बोलले. त्यातला एकही शब्द मला आता परत घेता येत नाही.

आता गोळीबद्दल. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातल्या पेशी मरत जातात. या पेशी डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात. 1957 साली स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना मेंदूतलं डोपामाइन संपवणारं रेसरपिन दिलं तेव्हा ते निपचित पडले, आणि लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. या कामाबद्दल त्यांना 2000 साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. (रेसरपिन आपल्या सर्पगंधेत असतं आणि लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत. म्हणूनच शेजारचे कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवलं, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. गोळीत भर पडून डोस कुठल्या कुठे जाईल.) लेव्होडोपाचं मेंदूत गेल्यावर डोपामाइन होतं. बाबांची गोळी दुसऱ्या जातीची होती, डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट. प्रामिपेक्झोल, रोपिनिरोल ही त्यातली नावं. ती स्वतःच डोपामाइनची नक्कल करते.

पण डोपामाइन फक्त हात-पाय हलवत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग मी वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवा लागला की थोड्या वेळानं रसाचा घोट मिळायचा. सुरुवातीला डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर उसळायच्या. माकड शिकलं, तशा त्या दिवा लागल्यावरच उसळायला लागल्या. आणि एखाद्या वेळी दिवा लागूनही रस आला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्या पेशी गप्प व्हायच्या. 'अपेक्षा होती, मिळालं नाही' हा निरोप त्या गप्प होण्यातून पुढे जातो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. त्यासाठी आधी तोंड पोळल्याचं कळावं लागतं. अ‍ॅगोनिस्ट दिवसभर मेंदूतल्या डोपामाइनच्या जागांवर बसून असतो, त्यामुळे ती शांतता पुढे पोचतच नाही, असं संशोधक मानतात. शिवाय आजार सुरुवातीला हालचालीच्या भागातलं डोपामाइन जास्त खातो आणि बक्षिसाचा, हव्यासाचा भाग बराचसा शाबूत असतो. हाताला पुरेल एवढा डोस त्या शाबूत भागाला जास्त होतो. मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पार्किन्सन्सच्या पेशंटना जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवून त्यातलं जास्त वेळा बरोबर ठरणारं अक्षर निवडायला सांगितलं. औषध न घेतलेले पेशंट चुकण्यातून चांगलं शिकले, औषध घेतलेले जिंकण्यातून.

बाबांना हिशेब कळत होता का? कळत होता, हे मी ठामपणे सांगते, कारण डायरी माझ्याकडे आहे. प्रत्येक तिकिटाचा खर्च तिच्यात लिहिलाय, महिन्याची बेरीज बरोबर आहे. या आजारात अक्षर बारीक होत जातं. तारखा पुढे सरकतात तसे ते आकडे मुंगीएवढे होत गेलेत. आकडा दिसत होता, चटका बसत नव्हता.

ही डायरीच मी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आपला केसपेपर शेजारी ठेवला. डोस वाढवल्यानंतर पाचव्या आठवड्यात पहिलं तिकीट होतं.

तेव्हा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: गोळी. सगळ्यांना असं होत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या 3090 पेशंटच्या पाहणीत जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी काहीतरी हाताबाहेर गेलेले 13.6 टक्के होते. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत 17.1 टक्के, न घेणाऱ्यांत 6.9. घराण्यात जुगार असेल तर धोका वाढतो, हेही त्यात दिसलं. आमच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा नव्हता.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शुभंकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पेशंट स्वतःहून हे बोलणार नाही, लाज वाटते. तुम्ही विचारा, एकट्यात, मायेनं. आणि गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. अंग आखडतं, जीव घाबरा होतो, उदासी येते. बाबांची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली, लेव्होडोपा थोडी वाढवली. एटीएम कार्ड त्यांनी आपणहून आईच्या हातात दिलं. हात पूर्वीपेक्षा जास्त हलतो. चहा आम्ही अर्धा कपच भरतो.

फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून आता ते मुलांच्या चार रेघी वहीत हिशेब लिहितात. रेघांमुळे अक्षर मोठं राहतं. काल तिथे लिहिलं होतं: दळण, पेन्सिल, आईसाठी अबोलीचा गजरा.