तीन देश आणि एक चेकनाका

रविवार, रात्री साडेदहा, ठाणे

बॅग आज कुठे पुरती रिकामी झाली. तळाशी स्वेटरमध्ये गुंडाळलेली रिव्हानर वाइनची बाटली निघाली. ह्यांनी ती फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी आडवी घातली. कधी उघडणार, कोण जाणे.

शेंगेन हे मला आजवर युरोपच्या व्हिसाचंच नाव वाटायचं. त्यापायी बँकेची स्टेटमेंटं, विमा, पेन्शनचे कागद, झेरॉक्सचा वीतभर गठ्ठा. त्यामुळे लेक म्हणाला, "आई, चल, तुला शेंगेन दाखवतो," तेव्हा हसूच आलं. तर ते खरंच गाव निघालं! लक्झेंबर्गच्या टोकाला, मोझेल नदीकाठी, एवढंसं. मागे द्राक्षांचे उतार. बसला तिकीट नाही. २०२० पासून त्या देशात बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट. मी आपली सवयीने सुट्टे मुठीत धरून बसलेली.

१४ जून १९८५ ला पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवायच्या करारावर इथे सह्या केल्या, त्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर. बोट काठाला उभी आहे. त्याहून मला नवल वाटलं ते नदीचं. १८१६ च्या तहापासून लक्झेंबर्ग-जर्मनीमधलं हे पात्र दोघांच्या सामाईक मालकीचं. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते ना, तसं! आमच्या माहेरी, निफाडला, असल्याच एका विहिरीपायी दोन चुलत घरं अजून एकमेकांकडे लग्नाला जात नाहीत.

उतारावर तोडणी चालली होती. सप्टेंबरात तोडणी! आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि माल जानेवारीपासून पुढे. तिकडे थंडीत झाड चक्क झोपतं, म्हणून छाटणी एकदाच. आमच्या झाडाला रजाच नाही.

जेवायला तळलेले बारके मासे आले, थेट मांदेलीसारखे कुरकुरीत. लोक ते खुशाल हाताने खात होते. मग मीही काटा बाजूला ठेवला. फक्त तिखट नव्हतं हो, लिंबावरच भागवलं. वाइनचा एक घोट घेतला; आंबटसर, बरी लागली.

मग पूल ओलांडून पेर्ल, म्हणजे जर्मनी. तिथून पायीच आपाक, म्हणजे फ्रान्स. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे म्हणे, पण त्या दुपारी पुलावर चिटपाखरू नव्हतं. पर्समध्ये पासपोर्ट घट्ट धरून चालले, बघायला कुणी नाही. थोडा रागच आला. तो वीतभर गठ्ठा मग कशासाठी?

आज संध्याकाळी मुलुंडला नणंदेकडे निघालो. तीन हात नाक्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे?" ह्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "चेकनाक्यापर्यंत सोडतो. पुढे नाही."


ठाणे-मुंबईच्या हद्दीवरच्या या नाक्यावरची जकात बंद होऊन किती वर्षं झाली! उतरलो, नाका चालत ओलांडला आणि पलीकडे दुसरी रिक्षा केली.