तान्ह्याला घेऊन कोल्हापूर ते पुणे

रविवार, रात्री

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि तीन महिने झाले की लेक बाळाला घेऊन सासरी निघते. कोल्हापुरातून अशा निघालेल्या कितीतरी गाड्या पुण्याच्या वाटेला लागतात. ओटी भरली जाते, डिंकाच्या लाडवांचा डबा भरतो, पाळणा टपावर बांधायचा की नाही यावर खल होतो. बाळ गाडीत नेमकं कुठे बसणार, हे मात्र गाडी दारात लागेपर्यंत कुणी ठरवलेलं नसतं. मग ते आपोआप आजीच्या मांडीवर जातं. याबद्दल एकदा नीट लिहून ठेवायचं होतं, ते आज लिहिते आहे.

मांडी सुरक्षित, हा भरवसा मायेतून आलेला आहे, पण गणितात टिकत नाही. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. ६ किलोचं बाळ धरून ठेवायला त्या क्षणी ८४ किलो पेलण्याची ताकद हातात लागते, तीही काही सूचना न मिळता. एवढं बळ कुणाच्याच हातात नसतं. आईने आपल्याच सीटबेल्टच्या पट्ट्यात बाळाला घेणं त्याहून वाईट, कारण मग आईचा सगळा भार बाळावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडासाठी नव्हे, पण घरात वाद घालायला हा आधार उपयोगी पडतो.

तीन महिन्यांच्या बाळाला लागते ती मागे तोंड करून बसवायची कार सीट, म्हणजे गाडीच्या सीटवर घट्ट बसवायचं बाळाचं वेगळं आसन; १३ किलोपर्यंतची. मागे तोंड का? तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची. पुढे तोंड करून बसवलं तर धक्क्याला अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. म्हणून चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ही कार सीट कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुटते ती थेट बाळाच्या डोक्यामागे.

जागा मागची, डावीकडची. बाळाला काढताना आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो, वाहनांच्या बाजूला नाही. आणखी एक फायदा फारसा कुणी लक्षात घेत नाही. पुण्याला जाताना गाडीचं तोंड उत्तरेकडे असतं, सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि डावी बाजू सावलीत राहते. परतीच्या सकाळी नेमकं उलटं होतं, तेव्हा खिडकीला जाळीचा पडदा आधीच लावून ठेवावा. कार सीटवर दुपटं टाकून ऊन अडवायचं नाही. आत हवा कोंडते, बाळ तापतं आणि त्याचा चेहराही दिसत नाही.

सीट बसवायला आदल्या दिवशी तासभर काढावा, सपाट जागेवर. आधी गाडीची गादी बघा. हौसेने शिवून घेतलेल्या रेक्झिनच्या कव्हराखाली पट्ट्याचं बक्कल अर्धं बुडालेलं असतं आणि आयसोफिक्सचे, म्हणजे पट्ट्याऐवजी कार सीट अडकवायचे हुक तर दिसतही नाहीत. कव्हर उसवावं लागलं तरी उसवा. पट्ट्याने बसवायची सीट असेल तर कंबरेचा पट्टा बाळाच्या पायांच्या बाजूच्या दोन खाचांतून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घेतो. बहुतेक सीटवर या वाटेला निळ्या खुणा असतात. पट्ट्याला कुठेही पीळ नको. मग सीटवर हाताने जोरात दाब देऊन, दुसऱ्या हाताने खांद्याचा पट्टा ओढून सगळी ढील काढायची. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर परत पहिल्यापासून. काही लहान गाड्यांत पट्टाच पुरत नाही, किंवा बक्कल खाचेच्या कडेवर येऊन अडतं. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला सांगून आपल्या गाडीत बसवूनच बघावी. दुसऱ्याची वापरलेली सीट घेताना तिला अपघात झालेला नाही याची खात्री हवी आणि तिच्यावरची मुदतही वाचावी.

आता बाळ. इथे आपल्या लाडाच्या गोष्टीच अडचणीच्या ठरतात. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ कार सीटमध्ये बसतच नाही, कारण पायांमधून येणारा पट्टा जाणार कुठून? कुंची घातली तर तिचा पाठीवरचा घोळ मानेमागे गोळा होतो, डोकं पुढे ढकलतो आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका मऊ असते, एवढ्या वाकण्यानेही श्वास कोंडू शकतो. कुंची पिशवीत, डोक्याला पातळ टोपरं, अंगात सुती झबलं, पाय मोकळे. गळ्यातला काळा दोरा प्रवासापुरता काढावा. करदोटा बक्कलखाली येत असेल तर तोही. त्याचे मणी पोटात रुततात आणि बाळ का रडतं ते कळत नाही. नजरेसाठी गालावर तीट आहेच.

खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. बक्कल लावल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर पट्टा ढिला आहे. थंडी वाटली तर पांघरूण पट्ट्यांच्या वरून. मान डुलते म्हणून बाजारातली उशी मानेमागे कोंबू नका. मान पुढे पडत असेल तर बहुतेक वेळा सीटच जास्त उभी बसलेली असते. या वयाला सुमारे ४५ अंशांचा कल हवा.

रस्ता साधारण २३० किलोमीटर. एकट्याने निघालं तर चार-साडेचार तास, पण बाळासोबत सहा-साडेसहा धरावेत, कारण तान्हं सलग दोन तासांपेक्षा जास्त कार सीटमध्ये नको. कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते लागतात, तेव्हा टप्पा किलोमीटरवर न मोजता घड्याळावर मोजा. पहाटे बाळाला पाजून सहाला निघालं की किणी टोलनाका, पेठ नाका मागे टाकून कराडच्या आसपास पहिला थांबा. दुसरा सातारा ओलांडून आनेवाडी-सुरूरच्या टप्प्यात, तिसरा शिरवळजवळ. खंबाटकीला पुण्याकडे जाताना बोगदा लागतो. तेवढ्यापुरती एसीची बाहेरची हवा बंद करावी आणि पलीकडे निघाल्यावर आठवणीने परत सुरू करावी. रात्री बाळ झोपतं म्हणून रात्री निघायचा सल्ला घरोघरी मिळतो. मला तो पटत नाही. बाळ झोपतं हे खरं, पण पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान चालवणाऱ्याचेही डोळे मिटत असतात.

प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा. हॉटेलच्या आवारात गाडी लावायची, महामार्गाच्या कडेला नाही. आधी बाळाला कार सीटमधून काढून दोन मिनिटं सपाट झोपवा, हातपाय हलवू दे. मग पाजणं, खांद्यावर घेऊन ढेकर, त्यानंतर डायपर, कारण पिता पिताच शी होते आणि आधी बदललेला डायपर वाया जातो. ढेकरानंतरही पंधरा मिनिटं उभं धरून मगच पट्टे लावावेत. घाई केली तर पुढच्या पाच किलोमीटरमध्ये दूध बाहेर येणार. आपण त्याला गाडी लागली म्हणतो, पण इतक्या लहान बाळांना गाडी सहसा लागत नाही; भरल्या पोटावर पट्टा आवळलेला असतो. चालत्या गाडीत पाजायला बाळाला बाहेर काढायचं नाही, रडलं तरी नाही. पुढचं हॉटेल गाठा, थांबा.

वरचं दूध देत असाल तर तयार करून नेऊ नका. पावडर मोजून कोरड्या डब्यांत, उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. पावडर पूर्ण निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंशांच्या पाण्यात मिसळायची आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरात संपलं नाही तर टाकून द्यायचं. काढून ठेवलेलं आईचं दूध बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात २४ तास टिकतं. सहा महिन्यांखाली वरचं पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. तहान दुधानेच भागते, फक्त पाजण्याच्या वेळा वाढतात. मधाचं बोट वर्षभर नाही. आणि झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं हा धोका आहे, ते कुणीही सुचवलं तरी ऐकू नये.

बाळंतिणीचं सगळेच विसरतात. ती मागे, बाळाशेजारी बसेल. सिझेरियन झालं असेल तर कंबरेचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या सांध्यावर घ्यायचा, टाक्यांवर नाही. बाळासकट कार सीट उचलायची नाही, तिचंच वजन तीन-चार किलो असतं. लघवीला जावं लागेल म्हणून ती पाणी कमी पिते, आणि तेच नको.

तारीख ठरवताना लसीचं कार्ड हातात घ्या. १४ आठवड्यांची लस बरोबर याच सुमारास येते आणि त्यानंतर एक-दोन दिवस ताप, मांडी दुखणं असतं. लस देऊन तिसऱ्या दिवशी निघावं, किंवा डॉक्टरांना विचारून आधी. मुहूर्त दोन दिवस सरकला तर काही बिघडत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल तर कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघूनच निघा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पावसाळ्यात डायपर आणि दूध पावडर एक दिवस जास्तीची ठेवाच. एरवी दर दोन तासांना एक डायपर आणि वर चार, कपड्यांचे तीन जोड वेगवेगळ्या पिशव्यांत, आईचाही एक जोड वरच्या बाजूला, घाणीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या. महामार्गावर अडलं तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

एसी २४-२५ वर, झोत बाळाकडे नको. हातपाय गार लागतातच, गरम-थंड मानेमागे हात लावून बघावं. थांब्यावर बाळ झोपलंय म्हणून काचा लावून गाडीतच ठेवून चहाला जायचं नाही. उन्हातली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. काच किंचित उघडी ठेवून फरक पडत नाही.

पुण्यात पोहोचल्यावर बाळ गाढ झोपलेलं असेल तरी कार सीटमध्येच घरात नेऊन ठेवू नका. काढा, पट्ट्यांचे वळ बघा, सपाट कडक गादीवर पाठीवर झोपवा. पुढच्या २४ तासांत सहा तरी ओले डायपर व्हायला हवेत. कमी झाले तर पाजण्याच्या वेळा वाढवा, आणि बाळ सुस्त वाटलं किंवा पीत नसलं तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.