तुम्ही विचारलंत म्हणून : दगडाचे नाव मी लगेच का सांगत नाही

"एवढी वर्षे भूशास्त्र शिकवलेत, मग एका दगडाचे नाव सांगायला इतके आढेवेढे कशाला?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि हातात खडा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांनीही इतक्यांदा विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा लेखी देऊन मोकळे व्हावे, असे वाटू लागले आहे. मी भाव खातो, असे काहींचे मत आहे. मला येत नाही म्हणून टाळतो, असे बाकीच्यांचे. दुसऱ्या मतात तथ्य आहे, पण तुम्हाला वाटते तसे नाही.

मुळात 'दगड' हा शब्द आम्हाला फारसा उपयोगी पडत नाही. तुम्ही आणलेली वस्तू खनिज आहे, खडक आहे की जीवाश्म, हे आधी ठरवावे लागते, आणि हे तीन शब्द तीन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एखाद्या पदार्थाला खनिज म्हणताना मी सांगत असतो, की तो निसर्गात तयार झाला, घन आहे, त्याचे रासायनिक घटक ठरावीक मर्यादेत राहतात आणि त्याचे अणू शिस्तीत रचलेले आहेत. खडक म्हणताना मी त्याच्या घडणीविषयी बोलत असतो: शिलारस थिजून झाला तो अग्निज, गाळ साचून घट्ट झाला तो गाळाचा, आणि उष्णतेने व दाबाने जुन्याच खडकाचे रूप पालटले तर रूपांतरित. जीवाश्म म्हणताना तर एक जीव कधीकाळी होता, अशी साक्षच द्यावी लागते. नाव सांगणे म्हणजे त्या वस्तूचा पूर्वेतिहास सांगणे, आणि तो हातावर घेऊन एका नजरेत दिसत नाही.

शब्दही साथ देत नाहीत. खणून काढतात ते खनिज, या न्यायाने आपण 'खनिज तेल' म्हणतो, आणि दगडी कोळशालाही खनिजांत बसवतो. भूशास्त्राच्या व्याख्येत मात्र तेल बसत नाही आणि कोळसा हा खडक ठरतो. उलट हिमनदीतला बर्फ चोख खनिज आहे, पण फ्रीजमधला नाही, कारण तो माणसाने गोठवला. ओपल इतके देखणे, तरी त्याच्या अणूंना स्फटिकाची शिस्त नसल्याने ते खनिजांच्या पंक्तीत काठावरच बसते. हे ऐकून लोक हसतात, आणि त्यांचे हसणे मला गैर वाटत नाही. फरशीच्या व्यवहारात तर चकाकी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कठीण खडकाला ग्रॅनाइट म्हणतात. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा खडक बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. 'फॉसिल' या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थसुद्धा 'खणून काढलेले' एवढाच. 1546 मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोलाने त्या नावाने ग्रंथ लिहिला तो मुख्यतः खनिजांवर. आपला 'जीवाश्म' हा शब्द त्याहून नेमका, तरी फसवा, कारण त्यातला 'अश्म' दर वेळी असतोच असे नाही: राळेत अडकून राहिलेला कीटक दगड झालेला नसतो, तरी तो जीवाश्मच.

हे सारे मला ठाऊक होते, तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही पुढची गोष्ट घडली.

नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तळहाताएवढी फिकट चुनखडकाची लादी आणली. ती भेगेवर उकलून दोन झाली होती आणि आतल्या पृष्ठावर काळ्या, नाजूक, फांद्याफांद्यांच्या आकृती होत्या. मी भिंगसुद्धा काढले नाही. "नेचा," मी म्हणालो. बाईंचा चेहरा इतका उजळला, की कोणी विचारले नसताना मी चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'नेच्याचा जीवाश्म, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा'. बाईंनी ती लादी त्यांच्या जुन्या शाळेत काचेच्या पेटीत ठेवली, आणि काही महिन्यांनी मला तिथे व्याख्यानाला बोलावले.

व्याख्यानानंतर बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने पेटीकडे बोट दाखवून विचारले, "सर, सगळी झाडं या भेगेतूनच कशी उगवली?"

मी वाकून पाहिले. प्रत्येक फांदी लादीच्या कडेवरच्या बारीक भेगेपासून निघून आत पसरली होती. पानाची मधली शीर कुठेच नव्हती, पर्णिकांना कडा नव्हत्या, आणि एवढी दाटी असून एकही फांदी दुसरीवरून गेलेली नव्हती. ते डेंड्राइट होते. भेगेतून झिरपलेल्या पाण्यातले मँगनीज ऑक्साइडाच्या रूपात साखळत जाते, तेव्हा अशी झाडे उमटतात, आणि त्यांना आभासी जीवाश्म म्हणतात. तिथे कधी काही उगवले नव्हते. मला हे त्या क्षणी स्वच्छ कळले, आणि मी मुलाला म्हणालो, "छान प्रश्न आहे," आणि पुढच्या मुलाकडे वळलो.

त्या चुकीचे मला आता फार वाईट वाटत नाही. शार्कचे दात माणसे शतकानुशतके 'जिभेचे दगड' म्हणून जपत होती. 1666 मध्ये डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ स्टेनोला शार्कचे डोके चिरायला मिळाले, तेव्हा कुठे तो प्रश्न नीट हाती लागला. पण त्याने जे पाहिले ते लिहिले. मी पाहिले आणि गिळले. आठवड्याने बाईंनी लादी फडक्यात गुंडाळून परत आणून दिली, चिठ्ठीसकट. त्या काही बोलल्या नाहीत, आणि पुढे त्यांनी मला एकही दगड दाखवला नाही.

तेव्हापासून मी तपासल्याशिवाय बोलत नाही. पांढरा खडा समोर आला, की आधी पोलादी चाकूने ओरखडतो: कॅल्साइटावर चरा उठतो, गारगोटीवर उठत नाही, कारण मोह्सच्या मापात एकाचे काठिण्य 3 आणि दुसरीचे 7. मग सौम्य आम्लाचा थेंब टाकतो. कॅल्साइट फसफसते, गारगोटी ढिम्म राहते. तुम्ही मोबाइलवर फोटो पाठवता, त्यावर यातले काहीच करता येत नाही, हे माझे गाऱ्हाणे खरेच आहे. पण तो जुना तरुण मास्तर मधूनमधून मला विचारतो, की मी निदान त्या बाईंना आनंद तरी दिला, तू पंधरा मिनिटे चाकू-आम्ल करून लोकांना काय देतोस. आणि ही सावधगिरी शास्त्राची आहे की पुन्हा पकडले जाण्याच्या भीतीची? मी 'शास्त्राची' म्हणतो. त्याला ते पटत नाही, आणि काही दिवशी मलाही.

मागच्या आठवड्यात एकांनी फिकट दगडावरच्या काळ्या फांद्यांचा फोटो पाठवला. मी दगडाच्या कडेचा फोटो मागितला. "सर, जीवाश्म आहे की नाही एवढंच सांगा," असे उत्तर आले. मी 'बहुधा नाही' असे लिहिले, आणि त्यातला 'बहुधा' ठेवावा की खोडावा यात अर्धा तास घालवला. शेवटी ठेवला. कडेचा फोटो अजून आलेला नाही.